हात, कान आणि संख्या : प्राचीन ग्रीक संगीतशास्त्राची तात्त्विक मुळे

ग्रीक संगीतशास्त्राचा इतिहास सांगणारे जुने ग्रंथकार बहुधा एका कथेने आरंभ करतात. पायथागोरस एके दिवशी लोहाराच्या भट्टीवरून चालला होता. आत ऐरणीवर घण पडत होते आणि त्यांचे आवाज एकमेकांशी सुरेल जुळत होते. तो आत शिरला. त्याने घण तोलून पाहिले. त्यांची वजने १२, ९, ८ आणि ६ ह्या प्रमाणात भरली. मग घरी जाऊन त्याने तेवढीच वजने चार तारांना टांगली आणि तारा छेडल्या, तेव्हा तेच स्वर निघाले. स्वरांच्या जुळणीमागे संख्या आहे हा शोध असा लागला, असे ही कथा सांगते. गेरासा येथील निकोमाकस ह्याने इ. स. १०० च्या सुमारास ती आपल्या छोट्या संगीतग्रंथात विस्ताराने नोंदविली. पुढे युरोपात ती पिढ्यान् पिढ्या शिकविली गेली.

ह्या कथेतील प्रयोग खरे उतरत नाहीत. घणाच्या वजनाच्या प्रमाणात त्याच्या आघाताचा स्वर बदलत नाही. तारेला टांगलेले वजन दुप्पट केल्याने तिचा स्वर एका सप्तकाने चढत नाही. तसा तो चढवावयाचा असेल तर वजन चौपट करावे लागते. एक तार, एक खुंटी आणि काही वजने एवढ्या सामग्रीवर हे कोणालाही पडताळून पाहता आले असते. तरीही जवळजवळ पंधराशे वर्षे विद्वान ही कथा एकमेकांकडून उतरवून घेत राहिले. असे का व्हावे?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर ग्रीक संगीतशास्त्राच्या तात्त्विक मुळांकडे जावे लागते. स्वर आणि संख्या ह्यांचा संबंध ग्रीकांनी शोधून काढला, ही मानवी बुद्धीची मोठी कमाई आहे. ती कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्या शोधाच्या आधारे जे तत्त्वज्ञान उभे राहिले त्याने संख्येला कानाच्या वर बसविले, आणि त्याच ओघात विचार करणाऱ्याला वाजविणाऱ्याच्या वर बसविले. ह्या दोन्ही गोष्टी परस्परांच्या आधाराने घडल्या, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दांची साक्ष

एखाद्या शास्त्राचे मूळ त्याच्या जुन्या शब्दांत टिकून राहते. ग्रीक संगीतशास्त्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘हार्मोनिया’. तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत तो विश्वाच्या सुसंवादासाठी येतो. परंतु मुळात तो सुताराचा शब्द आहे. दोन लाकडे एकमेकांत घट्ट बसविणारा सांधा म्हणजे हार्मोनिया. होमरच्या ‘ओडिसी’त नायक स्वतःच्या हाताने तराफा बांधतो, तेथे फळ्या जोडण्याच्या संदर्भात हाच शब्द आला आहे. पुढे तारा एकमेकींशी जुळविण्याला तो लागू झाला, आणि त्यानंतर आत्म्याला व आकाशाला.

तारांची नावेही अशीच बोलकी आहेत. लायर ह्या वाद्यावरील एका तारेचे नाव ‘लिखानोस’, म्हणजे अंगठ्याजवळचे बोट, तर्जनी. ती तार त्या बोटाने वाजविली जात असे म्हणून हे नाव. सर्वांत नीच स्वराच्या तारेला ‘हिपाते’, म्हणजे सर्वांत वरची, असे म्हणत. सर्वांत उंच स्वराच्या तारेला ‘नेते’, म्हणजे सर्वांत खालची, असे म्हणत. हा उलटा प्रकार वाटतो, पण वादकाने वाद्य हाती धरले असता तारा ज्या क्रमाने दिसतात तो हा क्रम आहे. नाव ठेवणाऱ्याच्या नजरेसमोर वाद्य होते, स्वरांचा तक्ता नव्हता.

फिलोलाउस हा ज्याचे लेखन अंशतः तरी उपलब्ध आहे असा पायथागोरस-संप्रदायातील पहिला विचारवंत. तो इ. स. पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. षड्जापासून मध्यमापर्यंतच्या स्वरांतराला तो ‘सिल्लाबा’ म्हणतो, म्हणजे एकत्र धरणे, पकड. लायरच्या तारांवर हाताची पहिली पकड जेवढे स्वर कवेत घेते तेवढे हे अंतर, असा ह्या नावाचा अर्थ प्राचीन भाष्यकारांनीच लावला आहे. म्हणजे शास्त्राला नाव मिळण्यापूर्वी ज्ञान हातात होते. सुतार, वाद्य बनविणारे, तारा लावणारे आणि वाजविणारे ह्यांच्या नित्याच्या व्यवहारातून ते घडले होते.

संख्येचा शोध

पायथागोरस हा सामोस बेटावरचा. त्याचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. ५७० ते ४९०. दक्षिण इटलीतील क्रोटोन ह्या ग्रीक वसाहतीत त्याने आपला संप्रदाय स्थापन केला. त्याने स्वतः लिहिलेले काहीही उपलब्ध नाही. त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक गोष्टी कित्येक शतकांनंतरच्या आहेत. मात्र त्याच्या संप्रदायात स्वरांची प्रमाणे ज्ञात होती ह्याविषयी शंका नाही.

ही प्रमाणे समजण्यास कठीण नाहीत. एक तार ताणून बसवावी. तिच्या बरोबर मध्यावर घोडी ठेवली तर अर्ध्या तारेतून वरच्या सप्तकाचा षड्ज निघतो. येथे लांबीचे प्रमाण २:१ होते. तारेचा दोन तृतीयांश भाग छेडला तर पंचम मिळतो, प्रमाण ३:२. तीन चतुर्थांश भाग छेडला तर मध्यम मिळतो, प्रमाण ४:३. तंबोऱ्याच्या जोडीच्या आणि पंचमाच्या तारा ऐकून ज्याचा कान तयार झाला आहे, त्याला हे स्वर एकमेकांत कसे मिसळतात ते सांगावयास नको. आश्चर्य हे की कानाला सर्वांत सुसंवादी वाटणारी ही तीन अंतरे १, २, ३ आणि ४ एवढ्याच संख्यांत मावतात. ह्या चार संख्यांची बेरीज १०. ह्या चतुष्काला पायथागोरसचे अनुयायी ‘तेत्राक्तिस’ म्हणत व त्याची शपथ वाहत.

मेटापोन्टम येथील हिप्पासस ह्या आरंभीच्या पायथागोरीय विचारवंताविषयी एक नोंद आहे. त्याने सारख्या व्यासाच्या, पण २:१, ३:२ व ४:३ ह्या प्रमाणांत कमीअधिक जाडीच्या, कांस्य धातूच्या चकत्या करविल्या आणि त्या वाजवून हीच अंतरे मिळविली. घणांच्या कथेप्रमाणे हा प्रयोग फसत नाही. चकतीचा स्वर तिच्या जाडीच्या प्रमाणात चढतो. ज्या प्रयोगाला धातूकाम जाणणारा कसबी हात लागतो तो खरा ठरतो आणि जो केवळ कथेत होतो तो खोटा ठरतो, हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

ह्या प्रमाणांवर पुढे गणित रचले गेले. पंचम आणि मध्यम ह्यांमधील अंतर म्हणजे एक पूर्ण स्वर. त्याचे प्रमाण ९:८. षड्ज ते मध्यम ह्या अंतरातून असे दोन पूर्ण स्वर वजा केले तर २५६:२४३ एवढे लहान अंतर उरते. त्याला ‘लेइम्मा’, म्हणजे शिल्लक, असे नाव पडले. ते अर्ध्या स्वराच्या जवळचे असले तरी नेमका अर्धा स्वर नव्हे.

मग पूर्ण स्वराचे दोन समान भाग होतात की नाही? ह्याचे उत्तर आर्किटास ह्याने दिले. तो दक्षिण इटलीतील टारेंटम नगराचा रहिवासी व प्लेटोचा समकालीन. गणिती तर तो होताच, शिवाय आपल्या नगराचा सात वेळा निवडला गेलेला सेनापती होता. लहान मुलांसाठी त्याने केलेल्या खुळखुळ्याचा उल्लेख ॲरिस्टॉटलने केला आहे. ९:८ ह्या प्रमाणाचे दोन समान भाग करावयाचे तर असे प्रमाण हवे की ते स्वतःनेच गुणले असता ९:८ यावे. नऊचे वर्गमूळ तीन आहे, पण आठचे वर्गमूळ पूर्णांकात येत नाही. ज्या प्रमाणातील दोन संख्यांत केवळ एकाचा फरक आहे त्याचे पूर्णांकी प्रमाणांत दोन समान भाग होऊ शकत नाहीत, हे आर्किटासने सर्वसाधारण रूपात सिद्ध केले. ही सिद्धता निर्दोष आहे आणि आजही ती तशीच मान्य आहे.

आर्किटासची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ध्वनी आघातातून निर्माण होतो, वेगवान गतीतून उंच स्वर व मंद गतीतून नीच स्वर निघतो, असे त्याने मांडले. आणि त्यासाठी काठी, वेळूची नळी, दोरीला बांधून फिरवावयाची घोंगावणारी फळी अशा नित्याच्या वस्तूंचे दाखले दिले. संख्येवर त्याची श्रद्धा होती, परंतु त्याने कान बंद केले नव्हते.

कानाची हकालपट्टी

प्लेटोला एवढे पुरेसे वाटले नाही. ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात तो संगीतशास्त्राच्या अभ्यासकांचे दोन वर्ग करतो. पहिला वर्ग तारांना कान लावून सर्वांत लहान स्वरांतर शोधणाऱ्यांचा. शेजारच्या घरातील बोलणे चोरून ऐकावे तसे हे लोक तारांशी कान भिडवून बसतात, खुंट्या पिळून तारांचा छळ करतात, असे म्हणून तो त्यांची थट्टा करतो. दुसरा वर्ग पायथागोरसच्या अनुयायांचा. तेही चुकतात, कारण ते ऐकू येणाऱ्या स्वरांतील संख्या शोधतात. कोणत्या संख्या स्वभावतःच सुसंवादी आहेत आणि का, हा प्रश्न ते विचारीत नाहीत, असा त्याचा आक्षेप आहे. खरे संगीतशास्त्र ऐकण्याच्या पलीकडचे असले पाहिजे, असा ह्याचा अर्थ होतो.

‘टिमाइअस’ ह्या ग्रंथात हा विचार पूर्णत्वास जातो. विश्वाचा निर्माता विश्वाचा आत्मा घडवितो तो १, २, ३, ४, ९, ८ आणि २७ ह्या संख्यांनुसार त्याचे भाग पाडून, आणि मधल्या जागा ३:२, ४:३, ९:८ व अखेरीस २५६:२४३ ह्या प्रमाणांनी भरून. तारेवर मोजलेले अंतर येथे विश्वाचा नियम झाले. ‘रिपब्लिक’च्या शेवटी तर आकाशातील आठ वर्तुळांवर आठ सायरेन बसून प्रत्येकी एकेक स्वर गातात व त्या आठांचा मिळून एक सुसंवाद होतो.

हे आकाशातले संगीत आपल्याला ऐकू का येत नाही? पायथागोरसच्या अनुयायांचे ह्यावरील उत्तर ॲरिस्टॉटलने नोंदविले आहे. तो आवाज जन्मापासून अखंड कानी पडत असल्यामुळे आपल्याला तो वेगळा जाणवत नाही. तांबट रोजच्या ठोकाठोकीला सरावतो आणि त्याला ती ऐकू येईनाशी होते तसे हे आहे, असे ते म्हणत. ॲरिस्टॉटलने हे उत्तर फेटाळले. एवढ्या प्रचंड गोलांचा आवाज असता तर त्याने वस्तू फुटून गेल्या असत्या. ज्याअर्थी काहीच परिणाम दिसत नाही त्याअर्थी आवाजच नाही, असा त्याचा सरळ युक्तिवाद आहे. मात्र एक गोष्ट लक्षात यावी. दाखल्यासाठी पुन्हा कारागीरच पुढे केला आहे, आणि ह्या वेळी बहिरा म्हणून.

नगराची व्यवस्था आणि वाजविणाऱ्याचे स्थान

संख्येच्या सिद्धान्ताबरोबर दुसराही एक विचार चालत आला. तो म्हणजे विशिष्ट स्वररचनेने माणसाचे शील घडते किंवा बिघडते. पेरिक्लीसच्या सहवासातील डेमन हा अथेन्सचा संगीतज्ञ ह्या विचाराशी जोडला जातो. संगीताच्या रीती बदलल्या की राज्याचे मूलभूत कायदेही हलतात, हे मत प्लेटोने त्याच्या नावाने उद्धृत केले आहे. त्यानुसार आपल्या आदर्श नगरातून प्लेटो विलापाच्या व मवाळ स्वररचना काढून टाकतो. डोरियन आणि फ्रिजियन ह्या दोनच ठेवतो. पुष्कळ तारांची वाद्ये व ऑलोस ह्यांना तो नगरात थारा देत नाही. लायर आणि किथारा नगरासाठी, व गुराख्यांसाठी रानात वेळूची पावरी, एवढीच त्याची परवानगी आहे.

ऑलोस म्हणजे जिभाळीने वाजणारी जोडनळी. तिला बासरी म्हणण्याची प्रथा आहे, पण जात सनईची. ग्रीक जीवन ह्या वाद्यावाचून चालत नसे. नाट्यप्रयोगातील वृंदगीताला त्याची साथ असे, युद्धनौकेवरील वल्हेकऱ्यांना त्याच्या तालावर वल्ही मारावी लागत, स्पार्टाचे सैन्य त्याच्या नादावर पावले टाकीत शत्रूवर चालून जाई. थीब्जचा प्रोनोमस ह्याच्यासारखा एखादा ऑलोसवादक कीर्ती पावला. परंतु मेजवान्यांत ऑलोस वाजविण्यासाठी ज्या मुली भाड्याने आणल्या जात त्यांची स्थिती निराळी होती. त्यांतील पुष्कळशा दासी असत. अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ॲरिस्टॉटलच्या परंपरेतील ग्रंथात नगराधिकाऱ्यांची कर्तव्ये दिली आहेत. ऑलोस आणि तंतुवाद्ये वाजविणाऱ्या मुलींना दोन द्राख्मांहून अधिक मोल कोणी देऊ नये, ह्यावर देखरेख ठेवणे हे त्यांपैकी एक. एकाच मुलीला अनेकांनी मागितले तर चिठ्ठ्या टाकून ती कोणाकडे जाईल हे ठरविले जाई. तिची इच्छा विचारण्याची तरतूद नाही.

प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मध्ये तत्त्वचर्चेला आरंभ करण्यापूर्वी नुकत्याच आलेल्या अशाच एका मुलीला बाहेर पाठविले जाते. तिने स्वतःसाठी वाजवावे, नाहीतर घरातल्या बायकांसाठी. आपण आज बोलण्यात वेळ घालवू, असा प्रस्ताव एक वैद्य मांडतो आणि तो सर्वांना मान्य होतो. तिचे नाव ग्रंथात नाही.

ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागात ह्या व्यवहाराला सिद्धान्ताचे रूप दिले. स्वतंत्र नागरिकाच्या मुलाने वादन शिकावे, कारण स्वतः केल्याशिवाय पारख येत नाही. परंतु मोठेपणी ते सोडून द्यावे. वादनात धंदेवाइकाचे कौशल्य मिळवू नये, कारण दुसऱ्याच्या सुखासाठी वाजविणे हे मोलकऱ्याचे काम आहे. कवींनी देवाधिदेव झ्यूसला कधी स्वतः गाताना वा वाजविताना दाखविलेले नाही, ह्याची तो आठवण करून देतो. कारागीर व मजूर ह्यांचा श्रोतृवर्ग वेगळा. त्यांची मने नैसर्गिक स्थितीपासून वाकडी झालेली असल्यामुळे त्यांना तशाच वाकड्या स्वररचना रुचतात, असेही तो म्हणतो. शील घडविणारे संगीत वरच्यांसाठी आणि करमणुकीचे खालच्यांसाठी, अशी ही उतरंड आहे. आपल्या वाचकांना ती अपरिचित वाटणार नाही.

कानाची बाजू

ह्या विचाराला आतूनच विरोध झाला. टारेंटमचा ॲरिस्टॉक्सेनस हा ॲरिस्टॉटलचा शिष्य; त्याचे वडील स्पिन्थारस संगीताचे जाणकार होते. इ. स. पू. ३२२ मध्ये ॲरिस्टॉटलनंतर विद्यापीठाचे प्रमुखपद थिओफ्रास्टसकडे गेले. ते आपल्याला मिळेल अशी ॲरिस्टॉक्सेनसची अपेक्षा होती, असे सांगतात. त्याच्या ‘हार्मोनिका’ ह्या ग्रंथाचा मोठा भाग उपलब्ध आहे.

त्याची भूमिका स्पष्ट आहे. काही पूर्वसूरी कानाला अविश्वसनीय ठरवून संख्या व वेग ह्यांची कारणे रचतात आणि अनुभवाच्या अगदी उलट गोष्टी सांगतात. काही जण तर कारण वा सिद्धता न देता देववाणीसारखे निर्णय देतात. संगीताचा विषय ऐकू येणारा स्वर आहे. म्हणून त्याचे शास्त्र कानापासून सुरू झाले पाहिजे. स्वरांतर केवढे हे कान ठरवितो, त्या स्वराचे रचनेत कार्य कोणते हे बुद्धी ठरविते. चाल समजणे म्हणजे जे होत आहे ते ऐकणे आणि जे होऊन गेले ते स्मरणात धरणे. दोहोंपैकी एक नसेल तर संगीत समजत नाही.

येथे तो एक दाखला देतो. भूमितीज्ञाला डोळ्यांची पारख लागत नाही. तो एखादी वाकडी रेषा काढून ती सरळ आहे असे मानील आणि तरीही त्याची सिद्धता बिघडणार नाही. सरळ आणि वाकडे ओळखण्याची सवय सुताराला, लाकूड कातणाऱ्याला व अशाच इतर कारागिरांना असते. संगीताचा अभ्यासक ह्या बाबतीत भूमितीज्ञासारखा नव्हे. इंद्रियांची अचूकता हाच त्याच्या शास्त्राचा पाया आहे. कारागिराची नजर येथे ज्ञानाचे साधन म्हणून सन्मानाने उभी राहते.

ॲरिस्टॉक्सेनस स्वराला संख्या न मानता सलग रेषेवरील एक स्थान मानतो. त्यामुळे तो पूर्ण स्वराचे निःशंकपणे दोन, तीन व चार भाग करतो, आणि सप्तकात सहा पूर्ण स्वर मोजतो. प्रमाणांच्या गणिताने पाहता ९:८ ची सहा अंतरे सप्तकाहून किंचित मोठी होतात. हा फरक ५३१४४१:५२४२८८ एवढा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सुमारे चौथ्या भागाइतका आहे. गणित पायथागोरीयांच्या बाजूचे आहे. पण गाणाऱ्याचा व्यवहार ॲरिस्टॉक्सेनसच्या बाजूचा आहे. मात्र त्यालाही मर्यादा होती. नळीला भोके पाडल्याने स्वर जुळत नाही, वादकाच्या हातांनी व फुंकीने जुळतो हे तो जाणतो. तरी ते हात कानाच्या आज्ञेतले म्हणून तो त्यांना खालचेच स्थान देतो.

शीलाच्या सिद्धान्तावरही प्रहार झाले. ईजिप्तमधील हिबेह येथे सापडलेला व १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक पपायरस ह्या दृष्टीने मोलाचा आहे. त्याचा अनाम लेखक विचारतो : अमुक स्वररचनेने शौर्य येते म्हणता, तर मग डायाटोनिक स्वरांत गाणारे ईटोलियाचे व डोलोपियाचे साधे लोक, नित्य एन्हार्मोनिक स्वर गाणाऱ्या नटांपेक्षा अधिक शूर कसे? इ. स. पू. पहिल्या शतकात एपिक्यूरसचा अनुयायी फिलोडेमस ह्याने हीच बाजू विस्ताराने मांडली. सुरावटीत स्वतःची अशी कोणतीही नैतिक शक्ती नाही. परिणाम होतो तो गीतातील शब्दांचा व विचारांचा, असे त्याचे म्हणणे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम नगरातील जळक्या गुंडाळ्यांतून त्याचा ग्रंथ अंशतः हाती आला.

सायरीनीची टॉलेमाइस ही ग्रीक संगीतशास्त्रावर लिहिणारी आपल्याला ज्ञात असलेली एकमेव स्त्री. पायथागोरीय संगीताची मूलतत्त्वे सांगणारा प्रश्नोत्तररूप ग्रंथ तिने लिहिला, इ. स. तिसऱ्या शतकातील पॉर्फिरीने दिलेल्या उताऱ्यांमुळेच तो आपल्याला कळतो. बुद्धीला प्रधान मानणारे कोण, इंद्रियानुभवाला प्रधान मानणारे कोण आणि दोहोंचा मेळ घालणारे कोण, ह्याची तिने नीट विभागणी केली आहे. इ. स. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने हा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. कान स्थूल निर्णय देतो, बुद्धी तो नेमका करते, आणि पुन्हा कान त्याला साक्ष देतो, अशी त्याची पद्धत. तारांना वजने टांगण्याचा प्रयोग भरवशाचा नाही हे त्याने सांगितले, आणि मोजपट्टी लावलेल्या एकतंत्री वाद्यावर प्रमाणे दाखविली. वजनांच्या कथेवर एवढा संशय व्यक्त होऊनही कथा मात्र टिकून राहिली.

उतरंडीवर शिक्का

ह्याचे कारण बोएथियसपाशी दिसते. इ. स. ५२४ च्या सुमारास देहदंड झालेल्या ह्या रोमन विद्वानाचा संगीतग्रंथ पश्चिम युरोपातील विद्यापीठांत शतकानुशतके पाठ्यपुस्तक होता. घणांची कथा त्याने लॅटिनमध्ये सांगितली. संगीताचे त्याने तीन प्रकार केले : विश्वाचे, मानवाचे आणि वाद्यांचे. ऐकू येणारे संगीत शेवटचे. संगीताशी संबंध असलेल्या लोकांचेही त्याने तीन वर्ग केले : वाजविणारे, गीत रचणारे आणि पारख करणारे. वाजविणारे सेवकाच्या जागी आहेत, त्यांचा बुद्धीशी संबंध नाही. खरा संगीतज्ञ तिसऱ्या वर्गातला. आधारासाठी तो म्हणतो की, इमारतीवर नाव कोरले जाते ते ती बांधविणाऱ्याचे, ज्यांच्या श्रमाने ती उभी राहिली त्यांचे नव्हे.

ज्ञानाची अशी विभागणी झाली की चूक पकडली जाणे कठीण होते. ज्याच्या हाती तार आहे त्याला शास्त्राविषयी बोलण्याचा अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे त्याला तार हाती घेणे कमीपणाचे वाटते. मग प्रयोग कोणी करावा? प्राचीन ग्रीक संगीताचे स्वरलेखनासह टिकलेले तुकडे सुमारे साठ, तेही बहुतेक खंडित. शास्त्रग्रंथ मात्र अनेक. कोणाचे बोलणे लिहून ठेवले गेले आणि कोणाचे वाजविणे हवेत विरले, ह्याचा हा हिशेब आहे.

घणांच्या कथेचा अखेर निकाल लागला तो १५८९ मध्ये. व्हिन्सेन्झो गॅलिली ह्या इटालियनाने आपला पूर्वीचा गुरू झार्लिनो ह्याच्याशी वाद घालताना तारांना प्रत्यक्ष वजने टांगून पाहिली. सप्तकासाठी वजनाचे प्रमाण २:१ नव्हे, ४:१ हवे. पंचमासाठी ३:२ नव्हे, ९:४ हवे, असे त्याला आढळले. १६३६ मध्ये मारिन मर्सेन ह्याने तारेच्या कंपनांचे नियम सविस्तर मांडले. व्हिन्सेन्झो हा विद्वान होता, पण त्याचबरोबर तो ल्यूट हे तंतुवाद्य वाजविणारा कलावंत होता. तारा जुळविणे हा त्याचा रोजचा उद्योग होता. प्रयोगाने सिद्धान्त पारखण्याची हीच रीत त्याचा मुलगा गॅलिलिओ ह्याने पुढे पदार्थविज्ञानात चालविली.

ग्रीक संगीतशास्त्राने जगाला दोन वारसे दिले. निसर्गाचे नियम संख्येत मांडता येतात, हा पहिला. तो आजही विज्ञानाचा आधार आहे. पवित्र ठरलेल्या संख्येला कानाची साक्ष लागत नाही आणि श्रम करणाऱ्या हाताला ज्ञानात स्थान नाही, हा दुसरा. त्यानेच पहिल्याची वाट दीर्घकाळ अडविली. कथेतला पायथागोरस भट्टीत शिरतो, घण तोलतो आणि निघून जातो. लोहाराला तो काहीच विचारीत नाही. विचारले असते तर घणाच्या वजनाने सूर असा बदलत नाही, हे सांगणारा माणूस तेथेच ऐरणीपाशी उभा होता.